घरातल्या खाटेपाशी येऊन पाहणार कोण?

वसईच्या किल्ल्याला वळसा घालून खाडीच्या तोंडाशी गेलं की पाचूबंदर लागतं. कोळ्यांचं गाव. दारापुढे जाळी पसरलेली, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, समोर ओहोटीच्या वेळी चिखलात टेकलेल्या होड्या. या बंदरातून समुद्रात जाणाऱ्या बोटीच्या अंगावर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. तिला मासेमारीचा परवाना लागतो. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्यात आली आणि बोटीवर कोण कोण आहे याचा हिशेब ठेवणं आलं. १ जून ते ३१ जुलै बोट पाण्यात घालायचीच नाही, हाही नियम. एक बोट समुद्रात जायची तर तिच्यामागे कायदा, खातं आणि कागद असे तिघंही उभे राहतात.

आता अशाच गावातलं एक घर डोळ्यांसमोर आणावं. सत्तरी ओलांडलेल्या आजींना अर्धांगवायूचा झटका आला, दहा-बारा दिवस रुग्णालयात काढून त्या घरी परतल्या. मुलगा बोटीवर, सून पहाटेच मासळीची टोपली घेऊन बाजाराला गेलेली. आजींपाशी सकाळी आठ ते रात्री आठ एक मावशी असतात. कुणीतरी घरी सेवेला माणसं पाठवणाऱ्या एका ब्यूरोचा नंबर दिला, फोन केला, दुसऱ्या दिवशी मावशी हजर. त्यांचं नाव घरच्यांना ठाऊक आहे. आडनाव आणि पत्ता विचारायचं राहून गेलं. आजींच्या नाकात नळी आहे, लघवीची पिशवी लावलेली आहे, दिवसातून दोनदा इन्शुलिन द्यायचं आहे, आणि उजवी बाजू अजिबात हलत नाही. रुग्णालयात हे सगळं तीन पाळ्यांतल्या परिचारिका करत, त्यांच्यावर सिस्टर इन्चार्ज असे, रोज डॉक्टरांचा राउंड होई, आणि खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकत असे. घरी आल्यावर माणूस तोच, आजार तोच, नळ्याही त्याच. तक्ता मात्र गेला, राउंड गेला, आणि विचारणारं माणूसही गेलं.

असं घर महाराष्ट्रात आता अपवाद राहिलेलं नाही. २०११च्या जनगणनेत राज्यात साठ वर्षांवरची माणसं १ कोटी १० लाखांच्या घरात होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं २०२३मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२२मध्ये देशातल्या दर शंभर माणसांमागे दहा ज्येष्ठ होते. २०५०पर्यंत ते जवळजवळ एकवीस होतील. रुग्णालयं पेशंटला लवकर घरी सोडतात, आणि ते एका अर्थी बरंही आहे, कारण रुग्णालयातल्या जंतूंपासून सुटका होते आणि खर्च वाचतो. घरी आपल्या माणसांत, आपल्या भाषेत, आपल्या जेवणाच्या वासात पेशंट लवकर सावरतो हा तर साध्या अनुभवाचा भाग. म्हणून घरची सेवा वाढणारच, आणि वाढावीच. पण घर सुरक्षित असतं असं आपण जे गृहीत धरतो, ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत तपासून पाहायला हवं.

घरी काय चुकतं? सुरुवात कातडीपासून करावी लागेल. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो. माकडहाड, टाचा, खुबे ही पहिली ठिकाणं. आधी लालसर चट्टा दिसतो, बोटानं दाबला तरी तो फिका पडत नाही. सावळ्या अंगावर तो लाल दिसतही नाही. तिथं हात लावूनच कळतं, जागा गरम किंवा टणक लागते. या टप्प्यावर कुशी बदलली, जागा कोरडी ठेवली, तर जखम टळते. चार दिवस दुर्लक्ष झालं तर कातडी फाटते, आणि पुढे जखम स्नायूपर्यंत, प्रसंगी हाडापर्यंत जाते. रोग्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं, हा शुश्रूषेतला जुना पाठ आहे. एअर बेड आणला म्हणजे हे काम संपलं, असं अनेक घरांत समजतात. ते संपत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९मध्ये शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, ते मुख्यतः घरी आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांसाठी होतं, आणि त्यातही त्यांनी अशा जखमांचं खापर रोगावर न फोडता शुश्रूषेवर ठेवलं होतं.

या एका गोष्टीत काय साधता येतं याचा दाखला मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये अमानुष हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी प्राण जाईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षं त्या तिथंच अंथरुणावर होत्या. त्यांच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. त्या सुनावणीत एक गोष्ट सगळ्यांसमोर आली: इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झालेला नव्हता. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण काम थांबलं नाही. यात माया होती हे खरंच. त्या मायेच्या पाठीशी पाळ्या होत्या, एकीनं दुसरीला सोपवलेली जबाबदारी होती आणि पाहणारे वरिष्ठ होते, हेही तितकंच खरं. पाचूबंदरच्या आजींपाशी बसलेल्या मावशींकडे माया असू शकते. उरलेल्या गोष्टी त्या एकट्या कुठून आणणार?

दुसरं संकट औषधांचं, आणि त्यात इन्शुलिन सगळ्यांत फसवं. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. ४०च्या कुपीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, १००च्या कुपीसाठी नारिंगी टोपणाची. आता हिशेब पाहा. डॉक्टरांनी २० युनिट सांगितलेत, फ्रिजमधली कुपी १००ची आहे, आणि दुकानातून आली लाल टोपणाची सिरिंज. मावशींनी अगदी इमानानं विसाच्या रेषेपर्यंत औषध भरलं, तर अंगात जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट. साखर कोसळते, घाम सुटतो, शुद्ध हरपू लागते; आणि म्हातारं माणूस दुपारी झोपलंय असं समजून घरातले दार लोटून घेतात. यात मावशींचा दोष शोधणं अन्याय होईल. टोपणाच्या रंगाचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. कुणी एकदा येऊन कुपी आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून पाहिली असती, तर ही चूक एका मिनिटात सापडली असती.

नाकातल्या नळीतून पेज देताना डोकं-छाती उंच हवी आणि दिल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी, नाहीतर पेज फुप्फुसात उतरते. लघवीची पिशवी ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर लटकती हवी, जमिनीला टेकता कामा नये. ऑक्सिजनचं यंत्र चालू असलेल्या खोलीत देव्हाऱ्याची समई, येशूच्या तसबिरीपुढची मेणबत्ती किंवा उदबत्ती नको. वापरलेल्या सुया साध्या कचऱ्यात टाकल्या तर सफाई कामगाराच्या हातात रुततात. यातलं काहीच अवघड शास्त्र नाही. पण दहा-बारा साध्या गोष्टी रोज, न चुकता, कुणी पाहत नसताना करायच्या म्हणजे त्या गळत जातात. कुठल्याही प्रामाणिक माणसाच्या हातून गळतात.

मग हे पाहण्याची जबाबदारी कायद्यानं कुणावर टाकली आहे? उत्तर शोधत गेलं की दारं दिसतात, पण एकही त्या खाटेपर्यंत जात नाही. खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. २०२१मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची तरतूद आली. पण हा कायदा खाटा असलेल्या इमारतीवर देखरेख ठेवतो, आणि पेशंटच्या घरातली खाट त्या इमारतीत येत नाही. परिचारिकांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. एएनएम दोन वर्षं शिकते, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. घरी येणाऱ्या मावशी बहुतेक वेळा यांपैकी कुणीच नसतात, जरी बोलताना आपण सर्रास ‘नर्स ठेवली आहे’ असं म्हणतो. त्या परिषदेच्या कक्षेतच येत नाहीत. ब्यूरोचं काय? तो कायद्याच्या नजरेत दुकान आहे. २०१७च्या दुकानं व आस्थापना कायद्याप्रमाणे ठराविक संख्येपेक्षा कमी कामगार असले तर नुसती सूचना दिली तरी भागतं. दुकानाला कामाचे तास विचारले जातात, साप्ताहिक सुट्टी विचारली जाते. पाठवलेल्या बाईला नळीतून पेज देता येते का, हे विचारण्याचा तिथं प्रश्नच येत नाही.

याच्या शेजारी सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन ठेवून पाहावा. खासगी सुरक्षा संस्थांसाठी संसदेनं २००५मध्ये कायदा केला. वॉचमन पुरवणाऱ्या संस्थेला परवाना लागतो, माणसाची पार्श्वभूमी तपासावी लागते, त्याला ठरलेलं प्रशिक्षण द्यावं लागतं. फाटकाबाहेर बसणाऱ्या माणसाबद्दल देशानं इतकी काळजी घेतली, आणि घराच्या आतल्या खोलीत असहाय माणसापाशी एकटं बसणाऱ्या माणसाबद्दल काहीच ठरवलं नाही, ही उणीव वीस वर्षं तशीच राहिली. घरकामगार पुरवणाऱ्या संस्थांसाठी छत्तीसगडनं २०१३मध्ये कायदा केला, पण त्यामागची मुख्य चिंता आदिवासी मुलींच्या तस्करीची होती, पेशंटच्या सुरक्षिततेची नव्हती.

केंद्राच्या हे लक्षात आलं नव्हतं असंही नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७चा. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान दर्जा, प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी नेमलेला अधिकारी अशा तरतुदी त्यात होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला. पण ते मंजूर झालं नाही, आणि २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा त्याच्याबरोबर बाद झालं. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून २०२१मध्ये, केंद्रानं एक लाख जणांना अल्पमुदतीचं प्रशिक्षण देण्याची योजना आणली आणि त्यातल्या सहा कामांपैकी एक होतं घरच्या शुश्रूषेला मदत करण्याचं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रुग्ण सहायक अभ्यासक्रमही आहे. शिकवण्याची सोय अशी थोडीबहुत आहे. मात्र शिकलेलीच बाई पाठवा, असं ब्यूरोला बांधणारं कुणी नाही.

राहतो ग्राहक आयोग. तिथं एक बारकावा आहे आणि तो प्रत्येक घरानं समजून घ्यावा. ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या व्याख्येतून वैयक्तिक नोकरीचा करार वगळलेला आहे. म्हणजे ओळखीतून मावशींना आपण स्वतःच पगारावर ठेवलं, तर त्या आपल्या नोकर आणि आपण मालक. तिथं आपण ग्राहक ठरत नाही. ब्यूरोला पैसे देऊन सेवा घेतली, तर ब्यूरो सेवा पुरवणारा आणि आपण ग्राहक. हा फरक सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टरांच्या सेवेच्या संदर्भात उलगडून सांगितला. अर्थात त्यासाठी ब्यूरोची पावती हवी, आणि इथं व्यवहार बहुधा रोखीनं, तोंडी होतो. शिवाय आयोग काम करतो ते जखम झाल्यानंतर. ती होऊ न देणारी देखरेख ही वेगळीच गोष्ट आहे.

ती देखरेख कशी असते हे शिकायला परदेशात जायची गरज नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, ती करून दाखवलेली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. त्या भागात बाळं घरी जन्मत आणि पहिल्या महिन्यात मोठ्या संख्येनं दगावत. रुग्णालय दूर, आणि बाळाला घेऊन दवाखान्यात जायची रीत नाही. १९९५पासून त्यांनी ३९ गावांत नवजात बाळाची घरच्या घरी सेवा सुरू केली. तुलनेसाठी ४७ गावं होती जिथं ही सेवा नव्हती. सेवा करणाऱ्या कोण, तर गावातल्याच पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बाया. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणत. वजन करणं, ताप मोजणं, श्वास मोजणं, बाळाला ऊब देणं, आईला पाजायला मदत करणं आणि जंतुदोषाची ठरलेली लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या बाळाच्या घरी जाऊन करत.

बाळाला टोचायची सुई गावातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हाती देणं ही कल्पना अनेक डॉक्टरांना धोक्याची वाटावी अशीच होती. तिला सुरक्षित केलं ते देखरेखीनं. काय पाहायचं, कधी पाहायचं, कुठल्या लक्षणावर काय करायचं, हे कागदावर नेमकं ठरलेलं होतं. प्रत्येक भेटीची नोंद होई. दर पंधरवड्याला डॉक्टर-पर्यवेक्षक गावात येऊन नोंदी तपासत, आरोग्यदूताबरोबर बसून चुका दुरुस्त करत, पुन्हा शिकवत. गावातले जन्म-मृत्यू वेगळ्या यंत्रणेनं नोंदले जात आणि घरोघरच्या पाहणीशी ताडून पाहिले जात. म्हणजे काम करणारीनंच स्वतःला गुण द्यायचे, असा प्रकार नव्हता. प्रयोगाच्या आधी या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ झाला, तर तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत. उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर वाचले गेले. २०११मध्ये भारत सरकारनं ही पद्धत थोड्या फरकानं देशभर घेतली. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात आणि नोंदीचा फॉर्म भरतात.

या यशाचं श्रेय लोक बहुधा औषधाला किंवा आरोग्यदूतांच्या सेवाभावाला देतात. दोन्ही खरं, पण अर्धंच. पंधरा दिवसांनी येऊन नोंदवही उघडणारा माणूस काढून टाकला असता, तर तीच सुई, तीच बाई आणि तेच बाळ यांचं काय झालं असतं याची कल्पना करून पाहावी. पाचूबंदरच्या घरात आज नेमका तो माणूस नाही. राज्यानं आयुष्याच्या पहिल्या बेचाळीस दिवसांसाठी जे केलं, ते शेवटच्या वर्षांसाठी अजून केलेलं नाही.

योगायोग असा, की अमेरिकेच्या नियमांतही जवळजवळ हाच पंधरा दिवसांचा अवधी सापडतो. तिथं ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यातून घरी शुश्रूषा मिळते तेव्हा मदतनीस बाईला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि वर्षाला १२ तासांची उजळणी लागते, आणि परिचारिकेची सेवा चालू असलेल्या पेशंटच्या घरी निदान दर चौदा दिवसांनी पर्यवेक्षकाला जावं लागतं. जर्मनीत १९९५पासून शुश्रूषेचा विमा सक्तीचा आहे. घरचीच माणसं सेवा करत असतील तर त्यांना रोख भत्ता मिळतो, आणि त्याबरोबर एक अट येते: ठराविक महिन्यांनी प्रशिक्षित व्यक्तीची सल्लाभेट घरी होऊ द्यायची. लेकीसुनांनी केलेल्या सेवेलाही दुसऱ्या डोळ्यांची गरज असते, हे त्या कायद्यानं ओळखलं. त्या भेटीत सेवा करणाऱ्या सुनेची पाठ दुखते का, तिला झोप मिळते का, हेही विचारलं जातं. आपल्याकडे हा प्रश्न सुनेला कोण विचारतं?

इंग्लंडनं तर स्वतंत्र आयोगच नेमला. तिथं घरी अंगावरची सेवा पुरवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, एप्रिल २००९पासून काम करणाऱ्या या आयोगाकडे नोंदणी सक्तीची आहे; आयोग तपासणी करून चारपैकी एक श्रेणी देतो आणि ती जाहीर करतो. मात्र २०२४मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी या आयोगाचीच पाहणी केली, तेव्हा अनेक तपासण्या जुन्या झालेल्या आणि काही सेवांना कधी श्रेणीच मिळालेली नाही, असं निघालं. पाहणाऱ्या यंत्रणेलाही गंज चढतो. महाराष्ट्रानं उद्या कायदा केला आणि त्याचं एक फलक लावायचं प्रमाणपत्र करून टाकलं, तर पाचूबंदरच्या आजींच्या टाचेला त्याचा काही उपयोग नाही.

देखरेख म्हटली की मावशींवर पाळत, असा अर्थ अनेक घरं लावतात. खोलीत कॅमेरा बसवला की कर्तव्य झालं. कॅमेऱ्याला बाई मोबाइल पाहते की नाही हे दिसतं, माकडहाडावरचा चट्टा दिसत नाही. आणि ज्या माणसाची लंगोटी बदलायची आहे त्याची लाज त्या कॅमेऱ्यासमोर रोज उघडी पडते, तिचं काय? शिवाय मावशीही त्या घरात असुरक्षित असतात. बारा तास उभं राहायचं, वजनदार माणसाला एकटीनं उचलायचं, जेवणाची सुट्टी कधी ते ठरलेलं नाही, पैशातला वाटा ब्यूरो कापून घेतो, आणि एक दिवस खाडा झाला की काम जातं. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे आणि तिथं काम करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते, हे किती मावशींना ठाऊक असेल? २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे पाहायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. घरच्या शुश्रूषेचा प्रश्न या प्रश्नाला चिकटलेला आहे. चट्टा दिसल्यावर ‘तुझ्यामुळे झालं’ म्हणून हाकलली जाण्याची भीती असेल, तर मावशी तो चट्टा पावडर टाकून झाकणार. भीती नसेल तर त्या संध्याकाळी सुनेला सांगतील. पेशंटची सुरक्षितता मावशींच्या सुरक्षिततेवर अशी उभी असते.

वसईत हे सुरू करायला फार काही नव्यानं उभारावं लागणार नाही. वसई-विरार महापालिका २००९मध्ये झाली. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचं काम तिच्या आरोग्य विभागाकडे आहेच. त्याच टेबलावर घरी माणसं पाठवणाऱ्या ब्यूरोंची नोंद घेता येईल: किती माणसं, कुणाचं काय शिक्षण, पोलीस पडताळणी झाली का, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारी नोंदणीकृत परिचारिका कोण. गावात महापालिकेचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, आरोग्य केंद्रं आहेत, आशाताई आहेत. ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, जो २०१०-११मध्ये सुरू झाला, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेटण्याची कल्पना आधीपासून आहे. केरळनं २००८मध्ये परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण केलं आणि पंचायतींमार्फत परिचारिका घरोघर पाठवायला सुरुवात केली. गावातले स्वयंसेवक तिच्याबरोबर फिरतात. कोळीवाड्यात तर मच्छीमार संस्था, महिला मंडळ, चर्च, देवळाची मंडळी असं जाळं विणलेलंच आहे. कुठल्या घरात कोण पडून आहे हे त्यांना सरकारी यादीवाचून माहीत असतं. त्या यादीला पंधरा दिवसांनी फिरणारी एक परिचारिका जोडून देणं, एवढंच महापालिकेनं करायचं आहे, आणि ते या वर्षी करता येण्याजोगं आहे.

तोवर घरानं काय करावं? ब्यूरोकडून लेखी करार आणि पावती घ्यावी. मावशी आल्या नाहीत तर बदली कोण, आणि देखरेखीला कोण येणार, ही दोन उत्तरं त्यात लिहून घ्यावीत. मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या जवळच्या ठाण्यात पडताळणीचा अर्ज द्यावा आणि मावशींना तसं आधी मोकळेपणानं सांगावं. रुग्णालयातून निघण्यापूर्वी वॉर्डातल्या सिस्टरकडून नळी, पिशवी आणि इन्शुलिनचं काम मावशींना आणि घरातल्या एकाला समोर करून दाखवायला सांगावं. खाटेजवळ एक साधी वही ठेवावी: किती वाजता कुठल्या कुशीवर वळवलं, काय दिलं, लघवी किती झाली, साखर किती, कातडी कशी. मावशींना लिहिता येत नसेल तर खुणा कराव्यात. ओळखीतल्या एखाद्या निवृत्त सिस्टरना पंधरा दिवसांनी एकदा घरी येऊन ती वही पाहण्याची विनंती करावी आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि ग्राहकांसाठी १९१५ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत.

आणि हा लेख वाचणाऱ्यांच्या घरी कुणी अंथरुणावर असेल, तर आज संध्याकाळी मावशी निघण्यापूर्वी त्यांच्याबरोबर उभं राहावं, पांघरूण बाजूला करावं, पेशंटला कुशीवर वळवावं आणि दोन्ही टाचा, दोन्ही खुबे आणि माकडहाडाची जागा उजेडात नीट पाहावी, हात लावून पाहावी. चट्टा दिसला तर मावशींवर ओरडू नये. त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा.